सिसिली सात दिवसांत: अख्खं बेट नको, पश्चिम किनारा धरा

सप्टेंबरमध्ये सात दिवस, दोघंच, त्यात एक जण शाकाहारी, आणि गाडी घेऊन अख्खी सिसिली होईल का असं विचारलंयत. होईल, पण करू नका, निम्मा वेळ हायवेवरच जाईल. पालेर्मोला उतरा, दोन रात्री तिथे आणि उरलेला मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या त्रापानी शहरात टाका. पालेर्मोत असताना गाडी घेऊच नका, चेफालू या किनाऱ्यावरच्या गावाला ट्रेनने तासाभरात पोचता, ११३१ साली पाया घातलेलं कॅथीड्रल बघा आणि मागचा खडक ऊन चढायच्या आत चढा.

खाण्याचं टेन्शन नको. पालेर्मोत पानेल्ले मिळतात, चण्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, पार्स्ली घालून थापायचं, गार झालं की कापून तळायचं, म्हणजे आपली पाटवडी तळलेली समजा, तीळवाल्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. त्रापानीत बुसियाते पास्ता घ्या, बदाम-टोमॅटो-लसूण-बेसिलच्या वाटणातला. तिथला कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) मात्र माशाच्या रश्शातला असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारूनच घ्या.

आता मुख्य म्हणजे झिंगारो, हा डोंगराळ राखीव समुद्रकिनारा, हे कशासाठीही सोडू नका! या किनाऱ्यावरून रस्ता काढायचं काम सुरू झालं होतं, १९८० मध्ये लोक हजारोंनी मोर्चा काढून चालत आले, काम थांबलं आणि १९८१ मध्ये हे सिसिलीचं पहिलं संरक्षित निसर्गक्षेत्र झालं. म्हणून आजही तिथे गाडी जात नाही, स्कोपेल्लो गावाच्या बाजूने आत शिरायचं आणि साधारण ७ किलोमीटरची पायवाट, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली समुद्र, मध्येमध्ये गोट्यांचे छोटे किनारे, पाणी इतकं नितळ की वरून तळाचे दगड दिसतात. पहिल्याच किनाऱ्यावर, काला काप्रेरियावर, गर्दी असते, तिथे न थांबता पुढे उझोच्या किनाऱ्यापर्यंत जा. सावली जवळजवळ नाही, बुटके पाम फक्त कमरेएवढे, त्यामुळे प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि बूट हवेतच, चपलांवर जाऊ नका. दुसऱ्या टोकाला बाहेर पडलात तर गाडीपाशी यायला रस्त्याने मोठा वळसा पडतो, तेव्हा आल्या वाटेनेच परत फिरा.

गाडी जुन्या शहरात घालू नका, झेडटीएलच्या (म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी असलेल्या भागाच्या) पाटीपुढे कॅमेरे असतात आणि दंड थेट घरी येतो.

त्रापानीहून बोटीने फाविन्याना बेटावर जा, तिथे सायकल भाड्याने घेऊन काला रोस्सा हा किनारा करा, पण ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका, वारा सुटला की बोटी रद्द होतात.