ट्रेंडमधले कपडे घालूनही आपण चारचौघींसारख्या दिसू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हौसेने जांभळी खणाची साडी घेतलीत, पण भिशीला गेलात तर तशाच साडीतल्या आणखी तिघी भेटल्या. आता पुढच्या महिन्यात भावाच्या साखरपुड्याला तीच नेसायची आहे आणि ती ‘माझी’ वाटायला हवी आहे. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साडी बदलू नका. माझ्या मते सारखेपणा येतो तो संचामुळे. खणाची साडी, त्याच खणाचा ब्लाउज, खणाचीच पर्स, कानात खणाचेच झुमके आणि गळ्यात ऑक्सिडाइज्डचा मोठा हार, हे सगळं एकाच फोटोतून उचललेलं असतं. काही वर्षांपूर्वी मीही एका लग्नाला अशीच गेले होते. नंतर फोटो बघताना मनापासून वाईट वाटलं, कारण त्यात माझ्या घरातलं, माझ्या निवडीचं असं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते: ट्रेंडची वस्तू एकच, बाकी सगळं घरचं.

खणाबद्दल थोडं सांगते, कारण कापड कळलं की त्याचं काय करायचं हेही सुचतं. खण मूळचा साडीचा नव्हेच, तो चोळीचा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा, लहान पन्ह्याचा, दोन्ही बाजूंना काठ असलेला कपडा. आपल्याकडच्या बायका इरकल नेसायच्या आणि अंगात खणाची चोळी घालायच्या, पुढे गाठ मारून. ओटीतही खण असतोच, त्रिकोणी घडी घातलेला. रुंद पन्ह्याची अख्खी खणाची साडी ही अलीकडची गोष्ट आहे आणि त्यातल्या पुष्कळशा यंत्रमागावर निघतात.

माझ्या आजीच्या ट्रंकेत ओटीचे अकरा खण निघाले, सगळे त्रिकोणी घडीतले. त्यातल्या एका डाळिंबी खणाचा मी घाईने बिनअस्तराचा ब्लाउज शिवून घेतला. पहिल्याच दिवशी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि पाठीत सरळ रेषेत टर्रकन फाटला. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्यामुळे कापड नेमकं त्या घडीवर विरलं होतं. फार हळहळले. आमच्या शिंपीकाकांनी पुढचा खण उजेडात धरला, घडीच्या रेषांवर खडूने खुणा केल्या आणि त्या रेषा टाळून कापलं. आतून मलमलचं अस्तर लावलं, शिवणीत बोटभर माया ठेवली. काठ दोन्ही बाह्यांना आले, पूर्वीच्या चोळीला यायचे तसेच. फाटलेल्या डाळिंबी खणाचा चांगला राहिलेला तुकडा त्यांनी साध्या काळ्या ब्लाउजच्या पाठीवर त्रिकोणीच बसवला. तो काळा ब्लाउज मी आज कशावरही घालते आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, की हा त्रिकोण कसला. मग ओटीची गोष्ट सांगते.

आता तुमच्या साडीकडे येऊ. ती दिवसा खिडकीशी न्या आणि हातात धरून हळूहळू तिरकी करा. खणात बऱ्याचदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. जांभळ्यातून कधी मोरपंखी डोकावतो, कधी तपकिरी, कधी चक्क लाल. हा आतला रंग पकडा आणि ब्लाउज त्या रंगाचा घ्या. काठाच्या रंगाचा ब्लाउज सगळ्याच शिवतात, दुकानदारही तोच पुढे करतो. आतल्या रंगाचा घातलात की साडी तीच असूनही वेगळीच वाटते. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण नजर थांबते. धूपछाव नसेल, साडी एकाच रंगाच्या धाग्याची असेल, तर मी सरळ सुती ब्लाउज घेईन, आमसुली किंवा मोतिया. खणाच्या चमकेशेजारी सुताचा मऊ, बिनचमकीचा पोत फार छान दिसतो.

ब्लाउज नवाच हवा असंही नाही. घरात आईची किंवा आजीची जुनी इरकल असेल तर बघा. जुन्या इरकलीचं अंग बऱ्याचदा सुती असतं आणि पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा, बहुधा लाल, पांढऱ्या नक्षीचा. अंगाचा आणि पदराचा ताणा मागावरच एकमेकांत अडकवून जोडतात, म्हणून तो पदर असा ठसठशीत वेगळा उठून दिसतो. जुन्या साडीचं अंग विरलेलं आणि पदर शाबूत, हे मी पुष्कळदा पाहिलंय. अशा पदराचं बिनबाह्यांचं जाकीट होतं, किंवा ब्लाउजची पाठ. कात्री लावण्याआधी मात्र पांढरं फडकं ओलं करून लाल भागावर घासून बघा. रंग लागला तर त्याच्या शेजारी फिकट कापड लावू नका. धड असलेली इरकल तर कापूच नका, तशीच नेसा.

हाच विचार इतर ट्रेंडनाही लागू पडतो. नवरात्राचे नऊ रंग घ्या. वर्तमानपत्रातून सुरू झालेली ही प्रथा आता लोकलच्या डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत पोचली आहे. बहुतेक रंग वारावरून ठरतात, सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा, शनिवारी राखाडी. मला हा प्रकार मनापासून आवडतो, अनोळखी बायकाही त्या दिवशी एकमेकींकडे बघून हसतात. पण पिवळा म्हणजे फक्त हळदी पिवळा थोडाच? आपल्या भाषेत श्रीखंडी आहे, लिंबू आहे, केशरी छटेचा आंबा रंग आहे. तुमच्या वर्णाला कोणता खुलतो ते आरशात चेहऱ्याशी कापड धरून ठरवा. राखाडीला मी नवीन काही घेत नाही, काळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीची सुती साडी नेसते. चार पावलांवरून ती राखाडीच दिसते.

ढगळ शर्ट आणि ढगळ पँटचा सध्याचा ट्रेंड मला पूर्ण पेलत नाही, उंची कमी आहे. म्हणून वरचं ढगळ घातलं तर खालचं मापाचं, आणि बाही दोन घड्या वर. एवढंच.

तुमच्या साखरपुड्यासाठी मी असं करेन. साडीबरोबर आलेला ब्लाउजपीस तूर्त बाजूला ठेवा, पुढे उशांचे अभ्रे होतील. ब्लाउज आतल्या रंगाचा, कोपरापर्यंत बाही, गळा साधा, लटकन नको. दागिन्यांत घरची एकच ठळक वस्तू घ्या, आईची मोहनमाळ असेल तर तीच, आणि कानात नेहमीच्या कुड्या. नथ घालावीशी वाटली तर मोहनमाळ काढून ठेवा. दोन्ही एकदम घातलं की पुन्हा तो फोटोतला संच तयार होतो. करवलीला दिवसभर धावपळ असते, तेव्हा आदल्या आठवड्यात साडी एकदा नेसून तासभर घरात कामं करून बघा. नवी खणाची साडी कडक असते आणि निऱ्या फुगतात. मी पाच निऱ्यांवर थांबते, प्रत्येक निरी जरा रुंद घेते आणि नेसण्याआधी नुसत्या निऱ्यांच्या भागावर उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवते. पदर मात्र इस्त्रीशिवायच ठेवा, खांद्यावर तो थोडा उभा राहिलेला छान दिसतो.