पीएफ काढून डेटा सायन्स? आधी त्या रोबोटजवळ जाऊन उभे राहा

नाशिकच्या अंबडमधल्या एका वाचकाने विचारले आहे : वय ४१, आयटीआय मशिनिस्ट. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १७ वर्षे, सध्या सीएनसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मशीनची जुळणी करणारा). हातात ३६ हजार (बेसिक आणि डीए मिळून २२ हजार), पत्नीच्या शिवणकामाचे साधारण ६ हजार. खर्च गृहकर्जाच्या ११,५०० च्या हप्त्यासह ३४ हजार. एफडी १ लाख ६० हजार, पीएफ ६ लाख ४० हजार. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. कारखान्यात दोन रोबोट सेल (रोबोट आणि मशीन जोडून केलेले कामाचे कप्पे) बसले, काही ऑपरेटर दुसऱ्या खात्यात गेले. 'माझाही नंबर लागण्याआधी नोकरी सोडून नऊ महिन्यांचा ऑनलाइन डेटा सायन्स (संगणकावर आकडेवारीतून निष्कर्ष काढण्याचा) कोर्स करावा का? फी २ लाख ८५ हजार, ती पीएफमधून भरेन. ते नोकरीची हमी देतात.'

नमस्कार भाऊ,

तुमचे पत्र दोनदा वाचले. भीती खरी आहे, तिला मी उगाच समजूत घालून गप्प करणार नाही. पण राजीनामा देऊ नका आणि पीएफला हात लावू नका. शिकायचे मात्र नक्की, आणि याच महिन्यात सुरू करायचे.

आधी पैशांचे. कोर्सची फी २ लाख ८५ हजार आहे, पण कोर्सचा खर्च तेवढाच नाही. नऊ महिन्यांचा पगार बुडतो, ते ३ लाख २४ हजार. म्हणजे हा निर्णय ६ लाखांच्या वरचा आहे. शिवाय पीएफमधले तेच २ लाख ८५ हजार जागेवर राहिले आणि सध्याचा ८.२५ टक्के व्याजदर टिकला, तर तुमच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे जवळपास ११ लाख होतात. दर वर्षी नव्याने जाहीर होतो, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज यावा म्हणून सांगतो.

घर कसे चालेल? खर्च ३४, वहिनींचे ६, दरमहा २८ हजारांची तूट. एफडी सहावा महिना पुरा व्हायच्या आत संपते. राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, दर वर्षामागे बेसिक-डीएच्या पंधरा भागिले सव्वीसच्या हिशेबाने २ लाख १५ हजारांच्या आसपास. ती धरून गाडी तेरा महिने चालते. म्हणजे कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला चार महिने उरतात, आणि त्या चार महिन्यांत आजारपण, लग्नकार्य, मुलीची दहावीची क्लासची फी यातले काहीही यायला नको. सतरा वर्षांची जमा इतक्या बारीक धाग्यावर टांगू नये.

आता त्या 'हमी'बद्दल. करार मागवा आणि सावकाश वाचा. हमी म्हणजे किती पगाराची, कोणत्या शहरात, किती मुलाखती दिल्यावर, आणि नोकरी नाही लागली तर पैसे परत मिळायच्या अटी कोणत्या? 'हप्त्याने भरा, व्याज नाही' असे सांगत असतील तर ते बहुधा एखाद्या वित्त कंपनीचे तुमच्या नावावरचे कर्ज असते. क्लास मध्येच सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, बिघडतो. '८०ई खाली करात सवलत मिळेल' असेही त्यांच्या समुपदेशकाने सांगितल्याचे तुम्ही लिहिलेत. ती सवलत शैक्षणिक कर्जाच्या फक्त व्याजावर असते आणि नव्या करप्रणालीत मिळतच नाही. त्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आता कर नाही. तुम्हाला कर लागतच नसेल तर सवलत कशातून वजा करणार? जो माणूस तुमचा पगार माहीत असूनही हे सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर किती विसंबायचे ते तुम्ही ठरवा.

आणखी एक. भीतीपोटी स्वतः राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी मिळते, पण कपातीची भरपाई मिळत नाही. कंपनीने कामगार कपात केली तर नोटीस द्यावी लागते आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. तुमचे सतरा पंधरवडे होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत याशिवाय कपात झालेल्या कामगाराच्या नव्या कौशल्य-प्रशिक्षणासाठी आणखी पंधरा दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. हा हक्क कागदाच्या एका सहीने सोडू नका. 'स्वेच्छेने' असा शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी युनियनच्या माणसाला किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

इथून पुढचे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

माझे वडील सातपूरला टर्नर होते. साध्या लेथवर त्यांचा हात असा होता की मायक्रोमीटर लावायच्या आधीच माप सांगत. त्यांच्या खात्यात पहिले सीएनसी आले तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. 'बटणे दाबायला पोरे आहेत' म्हणून ते दोन वर्षे त्या मशीनकडे फिरकले नाहीत. ती दोन वर्षे आमच्या घराला महाग पडली. ओव्हरटाइम गेला, पगारवाढ अडली, आणि घरात ते बोलेनासे झाले. शेवटी एका डिप्लोमा झालेल्या मुलाला त्यांनीच चहाला बोलावले आणि वहीत जी-कोड, म्हणजे त्या मशीनला द्यायच्या आज्ञा, लिहून घ्यायला लागले. वर्षभरात तो मुलगा त्यांना विचारायला लागला, की प्रोग्रॅम बरोबर आहे तरी जॉबवर चट्टे का पडतात. उत्तर वडिलांच्या कानात होते, टूलच्या आवाजात. ती वही माझ्याकडे अजून आहे.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे : 'सव्वीस वर्षांचा इंजिनिअर मला शिकवतो, ते जड जाते.' भाऊ, पत्रातले सगळ्यांत प्रामाणिक वाक्य तेच आहे. कोर्सचा मोह मला थोडा तिथून आलेला वाटतो. अनोळखी पडद्यासमोर शिकायला लाज वाटत नाही, ओळखीच्या माणसांसमोर वाटते. पण तुमची किंमत ओळखणारी माणसे त्या खात्यातच आहेत. रोबोट जॉब उचलतो आणि ठेवतो. इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) झिजला, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) सरकला, बर (धातूची उरलेली धार) अडकून जॉब फिक्स्चरमध्ये, म्हणजे तो धरणाऱ्या साच्यात, नीट बसला नाही, की सेल थांबतो, आणि मग हाक कुणाला मारतात? ती हाक सध्या तुम्हाला मारत असतील, तर तुम्ही त्या सेलपासून फार लांब नाही. टीच पेंडंट, म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला पॅड, घ्यायचे बाकी आहे.

डेटा सायन्सच्या पहिल्या नोकरीसाठी तुम्ही इंजिनिअरिंग आणि संख्याशास्त्र केलेल्या बाविशीतल्या मुलांच्या रांगेत उभे राहाल आणि तिथे तुमची १७ वर्षे कुणी मोजणार नाही. सेलच्या सेटिंगमध्ये, पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) तोंडओळखीत, कॅम प्रोग्रॅमिंगमध्ये (संगणकावर मशीनचा प्रोग्रॅम बनवण्यात), सीएमएम या मोजमाप यंत्रावर माप घेण्यात ती १७ वर्षे तुमच्या आधी जाऊन बसलेली असतात. आकड्यांची खरेच ओढ असेल तर तुमच्या लाइनचे रिजेक्शन रजिस्टर घ्या, तीन महिन्यांचे आकडे एक्सेलमध्ये भरा, कोणत्या पाळीत, कोणत्या टूलवर, कितव्या जॉबनंतर माप सुटते ते शोधा. फुकटात कळेल की हे काम तुम्हाला आवडते की नुसते त्याचे नाव आवडते.

पैशांची मांडणी सोपी आहे. दरमहा ७-८ हजार उरतात. त्यातले ४ हजार बँकेच्या आरडीत. अकरा महिन्यांत ४४ हजार, एफडी धरून २ लाख ४ हजार, म्हणजे घराचा बरोबर सहा महिन्यांचा खर्च. ही रक्कम नोकरी गेली तरच मोडायची. आणखी ३ हजार शिकण्यासाठी, वर्षाचे ३६ हजार. ही मर्यादा मी मुद्दाम घातली आहे, कारण एका वेळी एकच छोटा कोर्स घेतला, तो कामावर वापरून पाहिला आणि मगच पुढचा घेतला, तर चूक झाली तरी ती काही हजारांची होते. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर उत्पादन तंत्रज्ञान, रोबोटिक्सचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात, परीक्षेपुरती हजाराच्या आसपास फी. इंग्रजी जड गेले तर व्हिडिओ थांबवून पाहा, मुलीला शेजारी बसवा, तिचाही अभ्यास होईल. यंत्रावर हात बसवायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमकडे, सातपूरच्या शासकीय आयटीआयकडे कामगारांसाठीच्या छोट्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. सुपरवायझरची बढती पदवीवर अडत असेल तर मुक्त विद्यापीठ तुमच्या गावातच आहे, गोवर्धनला. पण ते दुसऱ्या वर्षी.

पीएफ मुलीच्या वाट्याचा समजा. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी त्यातून पैसे काढता येतात, आणि ती वेळ फार लांब नाही.

वहिनींच्या शिवणकामाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. त्यांच्याकडे काम जास्त येते आणि मशीन कमी पडते, असे आहे का? तसे असेल तर कापडाच्या कडा शिवणारे एक चांगले ओव्हरलॉक मशीन त्या फीच्या एका कोपऱ्याएवढ्या पैशांत येते आणि घरात दुसरा कमावता हात बळकट होतो. हा हिशेब मला त्यांच्याशी बोलूनच करायला आवडेल.

या आठवड्यात एवढे करा. एचआरकडे लेखी अर्ज द्या : 'रोबोट सेलच्या पुढच्या प्रशिक्षण बॅचमध्ये माझे नाव घ्यावे.' अर्जाची पोच घ्या. पाळी संपल्यावर त्या इंजिनिअरकडे अर्धा तास मागा. त्याला सेटिंगमधले एखादे तुम्हाला येणारे कसब शिकवा आणि त्याच्याकडून पेंडंट शिका. मग मला लिहा, एचआरने काय उत्तर दिले, आणि सोबत त्या कोर्सच्या कराराची प्रत जोडा. आपण तो ओळ-न्-ओळ वाचू.