फाईल नंतर उघड, आधी विचार

प्रिय डॉक्टर,

पुढे कशात शिकायचं, कार्डिओलॉजी की संसर्गरोग, ते तुझं तू ठरव. पण ‘संसर्गरोगांत हाताला काम नाही, रिपोर्ट आला की औषध लिहायचं’ हे तुझं म्हणणं मला लागलं.

परवा तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधला माथाडी तापाने आला. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, टेस्ट निगेटिव्ह म्हणून तू लेप्टो खोडलास. अरे, ताप तिसऱ्या दिवसाचा होता. ही टेस्ट रक्तात जी आयजीएम अँटिबॉडी शोधते, ती दिसायला आठवडाभर लागू शकतो. त्याचे डोळे लाल होते, पोटरीला हात लावला की कळवळत होता. साचलेल्या पाण्यात उभा होतास का, पायाला जखम होती का, एवढंच विचारायचं होतं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर इथे लेप्टोने माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात माझा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. आधी विचार रे बाबा.

आमच्या वेळी इथे या विषयाची डीएमच, म्हणजे एमडीनंतरची पदवीच, नव्हती. एमडी मेडिसिन करून तापाच्या वॉर्डात मोठ्या डॉक्टरांच्या मागे फिरत शिकले. रीतसर शिकायला मिळालं नाही, ही खंत आजही आहे. तुझ्यासमोर ती वाट उघडी आहे आणि तू तोंड वाकडं करतोस, म्हणून चिडले.

स्क्रब टायफसचा ताप घे. झुडपांतला बारीक किडा चावतो तिथे काळी खपली धरते. ती दुखत नाही, त्यामुळे माणूस आपणहून सांगत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली शोधावी लागते. अशा रुग्णाला मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक कितीही दे, उपयोग शून्य. डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळीने बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. आणि म्हणे हाताला काम नाही!

टीबीच्या केसपेपरवर ‘गोळ्या सोडल्या’ लिहून मोकळा होऊ नकोस. का सोडल्या, विचार. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे सांगितलेलं नसलं तर माणूस घाबरतो. एखादी सासरी कळू नये म्हणून पाकीट लपवते. औषध बदलायच्या आधी हे कळायला हवं.

माझी ओपीडी रात्रीपर्यंत चालते म्हणून बोलणी खाल्ली आहेत. एका ठिकाणी ‘मॅडम, पेशंट वाढवा’ असं तोंडावर सांगितलं, ती जागा मी सोडली. व्हायरल तापाला अँटिबायोटिक लिहून गर्दी पाच मिनिटांत हलवता येते. ते मी केलं नाही, करणारही नाही. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

गुरुवारी ओपीडीला ये. पहिल्या रुग्णाशी तू बोल, फाईल माझ्याकडे राहील. काम काय, पाणी कुठून भरता, घरात आणखी कोणाला ताप आहे का, गावी कधी जाऊन आलात, घरात जनावरं आहेत का, हे सगळं झालं की माझ्याकडून फाईल मागून घे.

तुझी मॅडम