अंधार पडला की चेंडू ठेव

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

काल दिवेलागणीनंतरही तू एकटाच किका मारत होतास, असं माळीकाका सांगत होते. ‘शेवटची मनासारखी बसल्याशिवाय घरी जायचं नाही’ हा तुझा हट्ट ऐकला आणि मला इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सन आठवला. रात्री झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

१९९८ साली ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ७६-० असं धुतलं, तेव्हा इंग्लंडचा फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, हा १९ वर्षांचा पोरगा होता. पुढे २२ नोव्हेंबर २००३ ला सिडनीत त्याच ऑस्ट्रेलियाशी विश्वचषकाची फायनल. १७-१७, जादा वेळही संपत आलेला. त्या दिवशी त्याचे तीन ड्रॉप गोल, म्हणजे चेंडू हातातून टाकून उसळताना खांबांमधून मारायचे तीन गुणांचे गोल, आधीच हुकले होते. त्याचा साथीदार मॅट डॉसनने मुसंडी मारली, कर्णधार मार्टिन जॉन्सन एक धडक घेऊन आणखी पुढे गेला, मग डॉसनचा पास. विल्किन्सन मुळात डाव्या पायाचा. चेंडू जमिनीवर टेकून उसळताक्षणी त्याने उजव्या पायाने मारला. २०-१७! तो उजवा पाय काही त्या रात्री तयार झाला नव्हता.

इथवरचं तुला पाठ आहे. आता पुढचं वाच. इंग्लंडकडून पुढचा सामना खेळायला त्याला ११६९ दिवस लागले. मान, खांदा, दंड, गुडघा, एकामागून एक दुखापती. आणि शरीराइतकंच मनही सोलवटलेलं. चुकण्याची भीती, नैराश्य, सगळं त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. जो हट्ट त्याला घडवत होता, तोच त्याला खात होता, असं मला मनापासून वाटतं.

२००७ मध्ये तो परतला आणि स्कॉटलंडविरुद्ध २७ गुण काढले. तो सामना कलकत्ता कपचा. आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांतून घडवलेला चषक तो! पुढे फ्रान्समधल्या तुलाँ क्लबकडून दोनदा युरोपातल्या क्लबांचा चषक जिंकून, २०१४ मध्ये फ्रेंच विजेतेपद हातात घेऊनच तो निवृत्त झाला. मला हा परतलेला विल्किन्सन जास्त जवळचा वाटतो.

तेव्हा उद्यापासून मोजून ४० किका, त्यातल्या निम्म्या कच्च्या पायाने. चाळिसावी खांबाला लागली तरी चेंडू ठेवायची टी उचलायची आणि निघायचं. गुडघ्याला बर्फ लाव. दुखत असेल तर लपवू नकोस, निदान माझ्यापासून तरी.

रविवारी सकाळी घरी ये, चेंडू न घेता. काकू थालीपीठं लावणार आहेत.

तुझा,
सर