हाडातून ऐकायचं मशीन लावल्यावर आवाज कोणत्या बाजूने येतोय ते कळतं का?

तुम्ही विचारलंय की मामांचे दोन्ही कान वाहून वाहून पडदे गेलेत, डॉक्टरांनी बोन कंडक्शनचं मशीन सांगितलंय, तर ते लावल्यावर हाक कुठून आली ते समजेल का. माझं अगदी हेच आहे, तीन वर्षं झाली, डोक्याच्या पट्ट्यावरचं मशीन उजव्या कानामागे लावतो. ऐकू मस्त येतं, पण एका मशीनवर दिशा जवळपास नाहीच.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, हरभरा उभा असला की रात्री जागल आलीच, नाहीतर रोही (नीलगायी) अन् डुकरं सकाळपर्यंत साफ करतात. मशीन घेतलं त्याच हिवाळ्यात एका रात्री कुत्री भुंकायला लागली, मी बॅटरी घेऊन तडक उजवीकडच्या धुऱ्यावर, आणि मागून भाऊ ओरडतोय, "अबे तिकडं कुठी चाल्ला, रोही तं नाल्याच्या अंगानं हायेत!" त्याचं ओरडणंपण मला उजवीकडूनच आलं.

कारण असं की आवाज जवळच्या कानात आधी पोचतो आणि दूरच्या कानात जरासा उशिरा, हा फरक जास्तीत जास्त 0.6-0.7 मिलिसेकंदांचा, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय डोकं मधे आडवं येतं म्हणून बारीक, चिरके आवाज पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतात. मागे-पुढे आणि वर-खाली हे कानाच्या पाळीच्या घड्यांवरून कळतं. आता मशीनमध्ये पाळी आलीच कुठे, माइक ऐकतो आणि कवटी हलवतो, अन् कवटी तर अख्खी एकच, उजवीकडून हलवली तरी डावीकडच्या आतल्या कानापर्यंत आवाज जातोच, वाटेत 10-15 डेसिबल कमी झाला तर झाला, कधी तेवढाही नाही. दोन्ही कानांना एकच बातमी, मेंदू तुलना करणार कशाची?

खोटं वाटत असेल तर आत्ताच एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून हूंऽऽ करा. आवाज सगळा बंद कानाकडे सरकतो, गळा मधोमध असून! हाडातून आलेल्या आवाजाची बाजू अशी फसवी असते.

मी आता करतो काय, आवाज आला की पळत नाही, उभा राहून मान हळूहळू फिरवतो, माइकवाली बाजू त्या दिशेला आली की आवाज थोडा खडा होतो. शिट्टी, बैलाच्या गळ्यातली घंटी, यांना हे जमतं. ट्रॅक्टरचा घरघराट असला की विसरा, जाड आवाज डोक्याला वळसा घालून येतो. आणि रस्ता ओलांडताना तर फक्त डोळे, यात शहाणपणा करू नका म्हणावं मामांना.

दोन्ही बाजूंना दोन मशीनं लावली तर बराच फरक पडतो, साध्या कानासारखं नाही पण डावं-उजवं कळायला लागतं. मला नागपूरला ट्रायलला दोन लावून पाहिली होती, पैशाअभावी एकच घेतलं. मामांना ट्रायल द्याल तेव्हा डोळे मिटून बसवा आणि कुणालातरी किल्ल्यांचा जुडगा खोलीत इकडेतिकडे वाजवायला सांगा, आधी एक मशीन लावून, मग दोन. नुसतं समोर बसून "ऐकू येतंय का" विचारलं तर एकातही हो म्हणतील.

भाऊ आता रात्री वावरात आधी बॅटरी चमकवतो, मग हाक मारतो.