ज्वारीचे फुटवे खाऊन बैल पंधरा मिनिटांत दगावला, उरलेलं रान जनावरांना चारावं का?

भाऊ, आधी सरळ उत्तर. नका चारू, सध्या एक घाससुद्धा नको. दुसरा बैल आणि गाय त्या रानापासून लांब बांधा आणि मग निवांत पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर ज्वारी काढली, मग अवकाळी आला, धसकटांना हिरवेगार फुटवे आले, सकाळी उपाशी बैल सोडले आणि पाव तासात एक थरथरत खाली पडला, तोंडाला फेस, आणि संपला. गावात कोणी म्हणतंय साप चावला, कोणी म्हणतंय भावकीतल्या कोणीतरी विष घातलं. मी गुरांचा डॉक्टर आहे, अमळनेर-पारोळ्याकडे प्रॅक्टिस करतो, आणि हे वर्णन माझ्या फार ओळखीचं आहे. "डाक्टर, बैल पडी गया, लवकर या" असा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ज्वारीत सोडला होता का. आपल्याकडची म्हातारी माणसं याला किरळ लागणं म्हणतात, आणि त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

होतं काय ते सांगतो. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो, डन्स्टन आणि हेन्री या दोघांनी १९०२ मध्ये इजिप्तच्या ज्वारीतून तो वेगळा काढून दाखवला होता, म्हणजे हे शास्त्राला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. धुरिन पानात एका जागी आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्या जागी, काडी एका खिशात आणि पेटी दुसऱ्या खिशात तसं, त्यामुळे उभ्या पिकात काही होत नाही, पण जनावराने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावरांना हे जास्त भोवतं कारण कोठीपोटातलं भरपूर पाणी आणि तिथले जिवाणू हे काम अजून जोरात करतात, घोड्याच्या किंवा डुकराच्या पोटातलं आम्ल त्या एन्झाइमला बरंचसं मारून टाकतं.

सायनाइड रक्तातून पेशीत जातं आणि पेशीला ऑक्सिजन वापरूच देत नाही. रक्तात ऑक्सिजन भरलेला असतो पण तो कोणाच्या उपयोगाचा नाही, म्हणून जनावर गुदमरतं आणि तरी रक्त मात्र लालभडक दिसतं. आता हिशोब बघा. साधारण किलोमागे २ मिलिग्रॅम सायनाइड जीव घ्यायला पुरतं, म्हणजे ४०० किलोच्या बैलाला ८०० मिलिग्रॅम. हिरव्या चाऱ्यात किलोला २०० मिलिग्रॅम असेल तर तो धोकादायक धरतात, म्हणजे फक्त ४ किलो फुटवे. उपाशी बैल तेवढे किती वेळात ओढतो ते तुम्ही रोज बघता. तेच दिवसभरात थोडं थोडं पोटात गेलं असतं तर लिव्हरने गंधक वापरून त्याचा निचरा केला असता, म्हणून किती खाल्लं याच्याइतकंच किती पटकन खाल्लं हे महत्त्वाचं.

हे विष दरवेळी सारखं नसतं, म्हणूनच लोक म्हणतात की गेल्या वर्षी ह्याच रानात चारली तेव्हा काही झालं नाही. रोप जितकं कोवळं तितकं जास्त. पावसाचा खंड पडून पीक खुरटलं की वाढतं, युरिया जास्त टाकला की वाढतं, आणि कापणीनंतरचे फुटवे तर सगळ्यात वाईट. शिंदखेडा, पारोळा, अमळनेर हा आपला कमी पावसाचा पट्टा, पोळ्याच्या आसपास खंड पडतोच, तेव्हाही असंच लक्ष ठेवायला लागतं. वर सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे थंडीत दव गोठतं तिथेही सांभाळा, गोठलेल्या पानाच्या पेशी फुटतात आणि चावायच्या आधीच विष सुटायला लागतं.

आता भावकीचा विषय, कारण यावरून गावात भांडणं होतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कपाशीवर फवारायच्या औषधाची विषबाधा असेल तर लाळ, पातळ शेण आणि बुबुळ टाचणीएवढं बारीक होतं, सायनाइडमध्ये उलट मोठं होतं. घोणस चावली असेल तर सूज दिसते, रक्त गोठत नाही. तुम्ही म्हणताय डोळ्याच्या आतली कातडी लाल होती, त्यावरून मला तरी ज्वारीचाच संशय आहे. पण खात्री शवविच्छेदनाने आणि तपासणीनेच होते. पुढे कधी असं झालंच तर लगेच डॉक्टरला बोलवा, कोठीपोटातला चारा हवाबंद बरणीत भरून बर्फात पाठवायला लागतो, उघड्या पिशवीत ठेवला तर सायनाइड उडून जातं आणि रिपोर्टमध्ये काही सापडत नाही.

रक्ताच्या रंगाचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो डॉक्टरला आवर्जून सांगा. खूप युरिया टाकलेल्या आणि ताण बसलेल्या ज्वारीत नायट्रेटही साठतं, त्याची विषबाधाही दिसायला अशीच, पण त्यात रक्त चॉकलेटी होतं. सायनाइडला सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, नायट्रेटला मिथिलिन ब्लू. नायट्रेटवाल्या जनावराला चुकून नायट्राइट दिलं तर आधीच बिघडलेलं रक्त अजून बिघडतं आणि जनावर जातं. म्हणून स्वतः काही टोचू नका. थायोसल्फेट ही स्वस्त वस्तू आहे, तोंडावाटे दिलं तरी पोटात उरलेलं विष बांधतं, तरी गरजेच्या वेळी ते जवळच्या दवाखान्यात नसतं हे मी कितीदा पाहिलंय, आणि मला याचा मनापासून राग येतो. ज्वारीच्या पट्ट्यात प्रत्येक दवाखान्याच्या कपाटात ते असायलाच पाहिजे, गावाने मिळून तशी मागणी करा. आणि हो, लडखडणाऱ्या जनावराच्या तोंडात गूळपाणी-ताक ओतू नका, गिळता येत नसलं की ते फुफ्फुसात जातं.

उरलेल्या रानाचं काय? फुटवे गुडघ्याच्या खाली आहेत तोवर नाहीच. वाढू द्या, निम्मं पीक फुलोऱ्यात आलं की कापा, आणि तेव्हाही आधी सुका कडबा किंवा कुटार पोटभर घालून मगच थोडं थोडं हिरवं द्या. किंवा कापून कडक उन्हात पूर्ण वाळवा, सायनाइड बरंचसं उडतं. अर्धवट सुकलेलं देऊ नका, तेही तेवढंच धोक्याचं. मुरघास केला तर निदान तीन-चार आठवडे उघडू नका, आणि काढल्यावर थोडा वेळ हवेवर पसरा. नायट्रेट मात्र वाळवून जात नाही, म्हणून युरिया भरपूर दिलेला असेल तर आधी चारा तपासून घ्या. ऑस्ट्रेलियात ज्वारीवर चरणाऱ्या जनावरांना गंधक असलेल्या मिठाच्या विटा चाटायला देतात, कारण विषाचा निचरा करायला शरीर गंधकच वापरतं. आपल्याकडेही चाटण विटा मिळतात, फक्त त्यात गंधक आहे का ते बघून घ्या.

पुढच्या वर्षी मुद्दाम हिरव्या चाऱ्यासाठी ज्वारी पेरणार असाल तर बियाणं घेतानाच विचारा. हिसारच्या विद्यापीठाची एसएसजी ५९-३ ही सुदान गवताच्या संकरातली, अनेक कापण्या देणारी जात आहे, सुदान गवतात मुळातच हे विष कमी असतं, तरी पहिली कापणी घाईने घ्यायची नाही. डेन्मार्कमध्ये ज्वारी धुरिन कसं बनवते ते जनुकापर्यंत शोधून काढलं गेलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये धुरिन जवळजवळ नसलेली ज्वारीची रोपं तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला तसं बियाणं मिळावं असं मला फार वाटतं, पण ते काम सोपं नाही, कारण धुरिन हे पिकाचं किडीपासूनचं संरक्षण आहे आणि नत्राचा साठाही आहे.

दुसऱ्या बैलाने त्याच दिवशी खाल्लं होतं ना? तेव्हापासून आजपर्यंत तो ठीक असेल तर त्या खाण्याची भीती आता धरू नका, सायनाइडचा फटका बसायचा तर मिनिटांत नाहीतर काही तासांत बसतो. त्याला नेहमीचा कडबा-पेंड सुरू ठेवा, आणि शेजारच्यांचीही जनावरं त्या बांधाला चरत असतील तर त्यांना आजच सांगा.