नियामक टी पेशींचा अभ्यास सुरू करताना

नियामक टी पेशी म्हणजे इतर प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. या विषयात नव्याने येणाऱ्याने १९७० च्या दशकातील ‘सप्रेसर’ म्हणजे दमनकारी टी पेशींवरचे शोधनिबंध आणि आजच्या नियामक टी पेशींवरचे शोधनिबंध एकाच मापाने वाचू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्या जुन्या पेशींची ओळख ज्या आय-जे जनुकावर बेतलेली होती, ते अपेक्षित जागी सापडलेच नाही आणि ती सारी कल्पना मागे पडली. तुम्ही १९९५ पासून वाचा. जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांच्या गटाने पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन धारण करणाऱ्या सीडी४ पेशी (टी पेशींचा एक प्रकार) वगळून उरलेल्या पेशी टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांच्या अनेक अवयवांत स्वप्रतिकार रोग (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते असे) उद्भवले, आणि वगळलेल्या पेशी वेळीच परत दिल्यावर ते टळले. त्या वगळलेल्या पेशी म्हणजेच आजच्या नियामक टी पेशी.

या पेशी दमन कसे करतात, याचे एकच उत्तर शोधू नका. सीटीएलए-४ या प्रथिनाच्या साहाय्याने त्या प्रतिजन (प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते तो रेणू) सादर करणाऱ्या पेशींवरचे सीडी८० व सीडी८६ हे रेणू ओढून घेतात, त्यामुळे इतर टी पेशींना सक्रिय होण्यासाठी लागणारा दुसरा संकेत अपुरा पडतो. शिवाय त्या टी पेशींच्या वाढीला लागणारे इंटरल्युकिन-२ शोषून घेतात आणि, विशेषतः आतड्यात, दाह शमवणारे इंटरल्युकिन-१० स्रवतात.

मानवी रक्तावर काम करणार असाल, तर या पेशींची खूण मानल्या जाणाऱ्या फॉक्सपी३ या प्रथिनावर केवळ विसंबू नका, कारण साध्या टी पेशी सक्रिय झाल्या की त्यांच्यातही ते काही काळ दिसते. सीडी१२७ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन कमी आहे ना, हे सोबत तपासा. मात्र तेही सक्रियतेनंतर घटत असल्याने दमनाची प्रत्यक्ष चाचणी कधीही टाळू नका.